पावणेएकचा उंचवटा

पावणेएकला रेघ सरळच राहिली. प्रबुद्धने स्क्रीनवरून नजर काढून पाण्याची बाटली उघडली, न पिता बंद केली आणि पुन्हा पाहिलं. सरळ. बारा पंचेचाळीसला त्रेचाळीस. बारा सत्तेचाळीसला त्रेचाळीस. पन्नासला त्रेचाळीस. सात नंबरच्या मशीनच्या मागून बाहेर पडणारी हवा त्रेचाळीस अंशांवर आडवी पडून राहिली होती. गेली दोन वर्षं रेघ या वेळेला उठायची. सुट्ट्या सोडून रोज पावणेएकला हळूच चढायला लागायची, चार-पाच अंश चढायची, सव्वाएकपर्यंत वर बसून राहायची आणि दीडच्या आत उतरून आपल्या जागी यायची. लहान मुलाने काढलेल्या टेकडीसारखी दिसायची. तो मनातल्या मनात तिला उंचवटा म्हणायचा. मुलुंडच्या या चौथ्या मजल्यावर बसून अंधेरीतल्या एका इमारतीच्या तळघरातली एकसष्ट मशीन बघायची, ही त्याची नोकरी. बघायची म्हणजे मशीन त्याने कधी पाहिलीच नव्हती, त्यांचे आकडे बघायचा. पुढून आत जाणारी हवा किती गरम, मागून बाहेर पडणारी किती, पंखे मिनिटाला किती फेरे घेतात, वीज नीट येते का. प्रत्येक मशीनच्या पोटात नखाएवढी एक चिप होती आणि आपल्या मशीनचा ताप मोजून मुलुंडला कळवणं एवढंच तिचं काम होतं. मशीन बंद असलं तरी ती जागी. तिला झोप नाही, जेवणाची सुट्टी नाही. दिवसाला लाखभर आकडे यायचे त्यांतला एकच आकडा माणसाचा होता, तो पावणेएकचा उंचवटा. काल सात नंबर दुरुस्तीसाठी उघडलेलं होतं, आज ते चालू होतं, आणि तो नव्हता.

त्याने तळघरातल्या टेबलावरचा फोन लावला. नवाच आवाज. दशरथकाका आहेत का, म्हणून विचारलं तर पलीकडचा माणूस म्हणाला, कौन दशरथ. मग आठवून म्हणाला, "अच्छा, वो बुड्ढा? डब्बेवाला? उसको तो कल शाम को ही निकाल दिया." आणि हसला. वाईट हसला असंही नाही. आपल्याला एक गंमत माहीत आहे आणि समोरच्यालाही ती आवडेल, असं माणूस हसतो तसं. प्रबुद्धने फोन ठेवला. हात आपोआप मांडीखाली गेला. मग रागाने त्याने तो बाहेर काढला, कारण हात मांडीखाली घ्यायची सवय शाळेतली होती, आणि आता तो चौतीस वर्षांचा होता.

तो उंचवटा म्हणजे डबा होता. तीन पुडांचा स्टीलचा डबा, निळ्या पंचात बांधलेला. दोन वर्षांपूर्वी प्रबुद्ध इथे लागला तेव्हा सात नंबरची घंटा रोज बारा बावन्नला वाजायची. मागच्या हवेची मर्यादा चाळीस अंश. ती ओलांडली की भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सात नंबरचा चौकोन हिरव्याचा लाल व्हायचा आणि घंटा वाजायची. त्याने तक्रारी लिहिल्या, पंखे बदलायला लावले, आतली धूळ काढायला लावली. तरी बारा बावन्नला घंटा. शेवटी एक दिवस त्याने तळघरात फोन लावून विचारलं की काका, रोज पावणेएकला या मशीनच्या मागे नेमकं काय होतं. पलीकडे बराच वेळ नुसती पंख्यांची घरघर ऐकू आली. मग, "रागावशीत नाय मां?" दशरथकाकांना साठी उलटून गेली होती. कंत्राटदारामार्फत ते त्या खोलीवर बसायचे, दार उघडून द्यायचे, कोणी मुलुंडहून सांगितलं तर मशीनची वायर काढून पुन्हा लावायचे. बोरीवलीहून सकाळी सातला निघायचे. त्यांनी सांगितलं की अठराव्या वर्षी ते परळला गिरणीत बदलीवर लागले होते, सायझिंग खात्यात, सुताला खळ देतात तिथे, वाफेचा जाड पाइप होता आणि सगळ्या पाळीचे डबे त्या पाइपावर ओळीने ठेवलेले असायचे, जेवणाच्या सुट्टीत भात आत्ता चुलीवरून उतरवल्यासारखा मिळायचा. वर्षभरात संप झाला, गिरणी गेली, पाइप गेला. मधे चाळीस वर्षं गेली, पाच-पंचवीस नोकऱ्या. आणि या तळघरात पहिल्या दिवशी सात नंबरच्या मागे हात गेला तर तीच ऊब लागली. "थंड भात खाल्लो ना, की कोणाच्या तरी दारात बसून खाल्ल्यासारख्या वाटता रे बाबा."

प्रबुद्ध तेव्हा हसला होता. पण वाक्य खाली गेलं आणि तिथेच राहिलं. कोणाच्या तरी दारात बसून. त्याची आजी खरोखरच दारात बसून जेवलेली, आयुष्यभर, लोकांच्या अंगणाच्या कडेला, वरून वाढलेलं. हे काकांना माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी सहज म्हटलं, जसं सगळे सहज म्हणतात. आणि त्याच फोनवर शेवटी त्यांनी विचारलं होतं की तुझं आडनाव काय रे. त्याने सांगितलं. पलीकडे थांबणं झालं. किती? एक सेकंद असेल, दीड असेल. प्रबुद्धच्या अंगातही एक चिप होती आणि हे असले थांबे ती अचूक मोजायची, शाळेपासून मोजत आली होती, घर भाड्याने बघताना मोजायची, लग्नाच्या पंगतीत मोजायची. मोजायची, पण अर्थ सांगायची नाही. दीड सेकंद. मग काका म्हणाले, "बरा. जेवलंस काय?" आणि पुढे दोन वर्षं प्रत्येक फोन त्याच दोन शब्दांवर संपायचा. जेवलंस काय. जेवलो काका. बरा मग, ठेवतंय.

त्याच दिवशी त्याने ते केलं. कोणाला विचारलं नाही. सात नंबरची मागची मर्यादा साडेबारा ते पावणेदोन या वेळेपुरती सहा अंशांनी वर सरकवली. घंटा वाजायची बंद झाली. काका गरम जेवायला लागले. अंधेरीत एक माणूस जेवतोय हे मुलुंडमध्ये फक्त प्रबुद्धला दिसायचं, आणि त्यात त्याला एक सुख होतं, चोरटं, कोणाला सांगण्याजोगं नसलेलं. गणपतीत काका गावी गेले की रेघ दहा दिवस सपाट पडायची. संकष्टीला सपाट. एकदा उंचवटा नेहमीपेक्षा मोठा आला म्हणून त्याने फोन केला तर काकांनी सांगितलं की जानकीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण वेगळ्या डब्यात दिलंय आणि आता सगळ्या खोलीला वास लागलाय, मशीनांनाही. तो आणि काका कधी भेटले नव्हते. मुलुंड ते अंधेरी अंतर ते किती. पण भेटले नाहीत.

आता हा नंदकिशोर. नंदकिशोर त्याचा वरिष्ठ, काचेच्या खोलीत बसणारा, हाताखालच्यांना आपण यार-दोस्त असल्यासारखं वागवणारा आणि त्यामुळे नाही म्हणायला जागा न ठेवणारा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अंधेरीच्या तळघरातल्या तीन एसींपैकी दोन बंद झाले. बिघडले नाहीत, बंद केले गेले, विजेचा खर्च कमी करायचा म्हणून. पुढची हवा तेवीस अंशांवरून तेहेतीसवर गेली आणि भिंतीवरचा पडदा लालभडक झाला. एकसष्ट चौकोन, एकसष्ट घंटा. नंदकिशोर बाहेर आला, कानांवर हात ठेवून हसत, आणि म्हणाला, यार प्रबुद्ध, ही वरात थांबव. प्रबुद्धने सांगितलं की मशीन खरंच तापलीत, वरात नाही ही. नंदकिशोर म्हणाला की बनवणारे कायम घाबरट मर्यादा देतात, दहा-दहा अंश वर कर सगळीकडे, काही होत नाही. आणि प्रबुद्धने केलं. एकसष्ट मशीन, पुढची मर्यादा सत्तावीसची सदतीस, मागची चाळीसची पन्नास. जुन्या आकड्यांची एक फाइल तेवढी त्याने ठेवून दिली आणि तिला नाव दिलं 'मूळ'. का ठेवली ते तेव्हा त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. पडदा हिरवा झाला. काकांचे त्या महिन्याभरात पाच फोन आले, की बाबा, हयसर उभा रवाक होत नाय, भट्टी झालीहा. पाचही वेळा त्याने तक्रार लिहिली आणि पाचही वेळा नंदकिशोरने ती बंद करायला सांगितली, कारण पडद्यावर सगळं हिरवं होतं. हिरवं आहे ना? मग.

हिरवं आहे ना. मर्यादेत आहे ना. हे वाक्य त्याने आधीही ऐकलेलं होतं, माहुलला. घाटकोपरची पाइपलाइनशेजारची खोली तुटली आणि त्यांना माहुलला सातव्या मजल्यावर एक घर मिळालं, खिडकी उघडली की समोर रिफायनरीच्या टाक्या आणि धुराडी. वडील, भीमराज, खोकायला लागले. एक दिवस एक माणूस डबीएवढं यंत्र घेऊन आला. गॅलरीत उभा राहिला, दहा मिनिटांनी आकडा वाचला, लिहून घेतला आणि म्हणाला, मर्यादेत आहे. आतल्या खोलीत वडील खोकत होते, ते त्या माणसालाही ऐकू येत होतं, आणि तो लिहीत होता. आई, द्रौपदी तिचं नाव, तिने त्याच्यासाठी ठेवलेला चहा तसाच आत नेला आणि म्हणाली, "मग ही मर्यादा त्याला त्याच्या घरी घेऊन जा म्हणावं." वडील तिथेच गेले. प्रबुद्ध तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि त्या यंत्रवाल्याचा त्याला इतका राग आला होता की कित्येक वर्षं तो चेहरा त्याला लोकांच्या गर्दीत दिसायचा. आता? आता त्या यंत्रवाल्याच्या खुर्चीत कोण बसलंय. कोणी सरकवल्या मर्यादा. दहा-दहा अंश, एकसष्ट वेळा, कोणाच्या बोटांनी.

सोमवारी सात नंबर कसं बंद पडलं ते त्याने पुन्हा मांडून पाहिलं. रात्रंदिवस मांडत होताच.

बारा तीस. उरलेला एकुलता एक एसी बंद पडला.
बारा चाळीस. पुढची हवा छत्तीस.
बारा पंचेचाळीस. डबा.
बारा सत्तेचाळीस. सात नंबर, मागची हवा पन्नास. इथे घंटा वाजायला हवी होती. वाजली नाही, कारण या वेळेत त्याची मर्यादा आणखी सहाने वर, छप्पन्नवर होती, प्रबुद्धच्या दयेने.
बारा एक्कावन्न. पंखे मिनिटाला चौदा हजार फेऱ्यांवर.
बारा छप्पन्न. छप्पन्न अंश. घंटा.
बारा अठ्ठावन्न. सात नंबरने स्वतःला बंद केलं, आणि जाता जाता दोन डिस्क घेऊन गेलं.

सात नंबरवर एका पॅथॉलॉजी लॅबचे रक्ताचे अहवाल होते. एकोणीस तास कोणाला अहवाल मिळाला नाही. कोणाचं ऑपरेशन थांबलं असेल, कोणी बायकोला घेऊन रांगेत बसून राहिला असेल, त्याने तो विचार करायचा नाही असं ठरवलं होतं आणि दर तासाला करत होता. नऊ मिनिटं त्याची होती. सत्तेचाळीस ते छप्पन्न. पण एसी बंद ठेवणाऱ्यांचे सहा आठवडे होते. आणि एक गोष्ट कोणीच बघत नव्हतं. दुसऱ्या कपाटातलं एकोणीस नंबर, रिकामं, राखीव, ज्याची घंटा नंदकिशोरने एप्रिलमध्येच बंद करायला लावलेली, तेही बारा अठ्ठावन्नलाच तापून बंद पडलं होतं. एकोणीस नंबरच्या मागे डबा नव्हता.

सोमवारी संध्याकाळी कंत्राटदाराच्या माणसाने डब्याचा फोटो काढून पाठवला. मशीनच्या मागे निळा पंचा, वर गाठ, गाठीत खोचलेला चमचा. नंदकिशोरने तो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, सापडला बॉम्ब. हसणारे चेहरे आले. सोळा. प्रबुद्धने ते मोजले. आणि मग सगळे टाकतायत, आपण एकटेच टाकला नाही तर कोणाच्या तरी लक्षात येईल, म्हणून त्यानेही एक हसणारा चेहरा टाकला. हे त्याला आता, बुधवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी आठवलं आणि कानांच्या पाळ्या भाजल्यासारख्या झाल्या. चमच्याची ती गाठ. कोणीतरी सकाळी सहा वाजता बांधलेली. त्यावर त्याने हसणारा चेहरा टाकला होता.

त्याने काकांच्या मोबाइलवर फोन लावला. जानकीकाकूंनी उचलला, नाव सांगितल्यावर लगेच म्हणाल्या की हां हां, मुलुंडचो ना रे तू, जसं काही तो घरातलाच होता. मग काका आले. आवाज नेहमीचा, फक्त मागे घरघर नव्हती. कुकरची शिट्टी होती. त्यांनी सांगितलं की काल कागद आला होता, इंग्रजीत होता, माणसाने वाचून दाखवला, मग सही केली. कशावर सही केली, त्याने विचारलं. की डबा मी ठेवत होतो, म्हणून मशीन जळली. आणि कोणाला ठाऊक नव्हतं, मी कोणाला सांगितलं नव्हतं.

"कोणाला सांगितलं नव्हतं?"

"तुझा नाव मी घेवक नाय. तू काय काळजी करू नको."

प्रबुद्धला राग आला. हा राग इतका सरळ काकांवर होता की तो स्वतःच दचकला. ज्याच्यावर यायचा त्याच्यावर येण्यापूर्वी राग या म्हाताऱ्यावर गेला, त्याच्या समजूतदारपणावर, सहीवर, साठ वर्षं मान खाली घालून घालून झालेल्या त्या मऊ आवाजावर. वाचलात तरी का नाही. पाच वेळा फोन केलात ते का नाही लिहून घेतलंत. एसी बंद होता ते का नाही सांगितलंत. माझी नऊ मिनिटं तुम्ही कोण झाकणार? मला उपकार करून घ्यायची सवय नाही, आमच्या घरात नाही, आजीने दारात बसून जेवढे घेतले तेवढे पुरे झाले. यातलं बरंचसं तो मनात बोलला. तोंडाने एवढंच बोलला, आणि चढ्या आवाजात बोलला, "कोणी सांगितलं होतं तुम्हाला माझ्यासाठी सही करायला?"

पलीकडे थांबणं झालं. एक सेकंद, दीड. कुकरची दुसरी शिट्टी. ती चिप पुन्हा मोजायला लागली आणि या वेळी तिलाही कळेना की हा थांबा कुठल्या जातीचा. या माणसाने त्या दिवशी दीड सेकंद थांबून काय विचार केला असेल? काही केला असेलच. आणि पुढे दोन वर्षं दर फोनला जेवलंस का विचारलं. आणि काल वाकडीतिकडी सही करून त्याच आडनावाला वाचवलं. यातला खरा कोणता? दोन्ही. हेच तर सहन होत नव्हतं. सरळ वाईट माणूस असता तर किती बरं झालं असतं.

"जेवलंस काय?" काकांनी विचारलं.

त्याने पायाशी ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं.

"जेवून घे," ते म्हणाले. फोन ठेवला.

जेवला नव्हता. बायकोने, दर्शनाने, दिलेला डबा बॅगेत तसाच होता. उघडायचा म्हणून हात घातला आणि हाताला थंड स्टील लागलं तसा तो बाहेर काढला. दोन वाजता नंदकिशोरने आत बोलावलं. काचेच्या खोलीत एसी एकोणीसवर. एकोणीस, भिंतीवर हिरव्या अक्षरांत. नंदकिशोरने चहा मागवला, दार लावलं आणि सांगितलं की चारला लॅबच्या मॅडम येतायत, आपली भिंत बघायला, त्याआधी तुझा अहवाल लागेल, एक पान बस. देखरेख व्यवस्थित होती, खोलीवरच्या माणसाने हवा अडवली, त्याची कबुली सोबत जोडली आहे. प्रबुद्ध म्हणाला की एकोणीस नंबरही बंद पडलं होतं. नंदकिशोर म्हणाला, ते रिकामं होतं रे, रिकाम्या घराला आग लागली तर कोण बोंबलतं. प्रबुद्ध म्हणाला की एसी बंद होते. नंदकिशोर म्हणाला की ते आपलं खातं नाही. मग खुर्ची पुढे ओढून, आवाज उतरवून तो म्हणाला की सात नंबरला दुपारची सूट कोणाच्या नावाने पडलीय हे मी पाहिलंय, मी विसरायला तयार आहे. हे तो इतक्या प्रेमाने म्हणाला की प्रबुद्धला त्याच्या तोंडाला येणारा वेलचीचा वास आला.

"म्हातारा गेलाच ना आता. त्याला काय फरक पडतो?"

हे वाक्य घेऊन प्रबुद्ध आपल्या जागेवर आला. दोन पन्नास. भिंतीवर एकसष्ट हिरवे चौकोन. सोमवारनंतर दुसरा एक एसी चालू केला होता, तरी पुढची हवा तीस, मागची त्रेचाळीस. तापच होता. हिरवा ताप. त्याने अहवालाचं पान उघडलं. तारीख लिहिली. देखरेख व्यवस्थित, इथपर्यंत लिहिलं आणि खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं. त्याला त्याचं घर आठवलं, घाटकोपरची भाड्याची एक खोली, चौथीतली मुलगी, आईची औषधं, आणि हे सगळं त्याच्या रागासमोर येऊन उभं राहिलं, नेहमीसारखं, शहाण्या माणसांसारखं. राग म्हणजे काय, तर पोट भरलेल्यांचा खेळ, असं त्याला त्याच्या एका मास्तरांनी सांगितलं होतं. त्याचं पोट सकाळपासून रिकामं होतं. म्हाताऱ्याला फरक पडतो. त्याला काय फरक पडतो? अंधेरीच्या कुठल्याही तळघरात आता त्याला कोणी बसू देणार नाही. डब्बेवाला. बॉम्बवाला. बोरीवलीत घरी बसून भात गरमच मिळेल, तेही खरं, आणि प्रत्येक गरम घासाला त्याला आठवेल की आपण कोणाची तरी मशीन जाळली. जी त्याने जाळली नाही. हे खोटं तो खरं मानून मरेल. कारण इंग्रजीत होतं आणि माणसाने वाचून दाखवलं. आता हे पान मराठीत लिहा नाहीतर कशातही, ते मॅडमच्या हातात जायच्या आधी नंदकिशोरच्या हातून जाणार. पान त्याने बंद केलं.

तीन पंचावन्नला लॅबच्या मॅडम आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, चष्मा कपाळावर चढवलेला, उन्हातून आल्यामुळे चेहरा लाल. त्यांना थंड पाणी दिलं गेलं. नंदकिशोर त्यांना भिंतीसमोर घेऊन आला आणि हात हलवत इंग्रजीत सांगू लागला की हे अंधेरी, हे प्रत्येक मशीन, सेकंदा-सेकंदाची माहिती. प्रबुद्ध त्यांच्या पाठीमागे तीन पावलांवर बसला होता. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला, बराच वेळ भिंत पाहिली आणि मराठीत विचारलं, "हे असं सगळं हिरवंच असतं का?"

"नेहमी," नंदकिशोर म्हणाला.

'मूळ' नावाची फाइल प्रबुद्धच्या समोर उघडी होती. ती कधी उघडली हे त्याला आठवत नव्हतं. अठ्ठेचाळीस केबीची फाइल. पुढची हवा सत्तावीस, मागची हवा चाळीस, एकसष्ट वेळा, जसं बनवणाऱ्यांनी सांगितलं होतं तसं. त्यात एकोणीस नंबरची घंटाही चालू. त्यात सात नंबरला दुपारची सूट नव्हती. तो काही बिघडवणार नव्हता, एकाही मशीनला हात लावणार नव्हता. तो फक्त आकडे जिथे होते तिथे परत ठेवणार होता. त्याला यंत्रवाला आठवला, त्याची पाठ, गॅलरीतून बाहेर जाताना. त्याने बटण दाबलं.

आधी काही झालं नाही. चार सेकंद लागतात. मग वरच्या डाव्या कोपऱ्यातला पहिला चौकोन लाल झाला, मग त्याच्या शेजारचा, मग ओळच्या ओळ, पान उलटावं तशी, आणि घंटा वाजायला लागली, एकावर एक, एकसष्ट. हॉलमधली सगळी माणसं उभी राहिली. नंदकिशोरचा हात हवेत तसाच राहिला. मॅडम एक पाऊल मागे सरकल्या.

"काय झालं हे?" त्यांनी विचारलं.

प्रबुद्ध उठला. घंटांच्या वर आवाज जावा म्हणून त्याला मोठ्याने बोलावं लागलं, आणि मोठ्याने बोलायला त्याला बरं वाटलं. "आज काही झालेलं नाही मॅडम. एप्रिलपासून हे असंच आहे. एसी बंद होते. आम्ही मर्यादा वर सरकवून ठेवल्या होत्या, म्हणून हिरवं दिसत होतं. सोमवारी एकोणीस नंबरही जळता जळता राहिलं, त्याच मिनिटाला. त्याच्या मागे डबा नव्हता. ज्या माणसाने सही केलीय त्याने पाच वेळा फोन करून सांगितलं होतं, त्या पाच तक्रारी मी लिहिल्यात, मीच बंद केल्यात." त्याने सात नंबरच्या चौकोनाकडे बोट दाखवलं. "सात नंबरला नऊ मिनिटं उशिरा घंटा वाजली, ती नऊ मिनिटं माझी आहेत. ती माझ्या नावावर लिहा. त्यांच्या नाही."

नंदकिशोर म्हणाला, हा जरा टेन्शनमध्ये आहे, मॅडम, आपण आत बसू. मग दातांवर दात ठेवून, "बंद कर ते."

"तुम्ही करा," प्रबुद्ध म्हणाला.

पण नंदकिशोरला ते कसं बंद करतात हे माहीत नव्हतं. त्याने कधी केलंच नव्हतं. तो भिंतीकडे बघत होता, मग कीबोर्डकडे, मग पुन्हा भिंतीकडे. मॅडमनी पर्समधून कागद आणि पेन काढलं आणि चष्म्यावरून प्रबुद्धकडे बघत विचारलं की त्या माणसाचं नाव काय. त्याने पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, सावकाश, एकेक अक्षर. त्या लिहीत होत्या. तो खाली बसला. राग जराही कमी झाला नव्हता. तो नुसता आता एका जागी बसला होता.

त्याने बॅगेतून डबा काढला, कीबोर्ड बाजूला सरकवला आणि झाकण उघडलं. भाकरी थंड होती. वांग्याच्या भाजीवर तेल गोठलेलं होतं. सगळा हॉल त्याच्याकडे बघत होता, समोर एकसष्ट चौकोन लाल होते, घंटा वाजतच होत्या, आणि त्याने भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि मान वर ठेवून चावायला सुरुवात केली.